न्यूयॉर्कहून आलेलं बटण

"अठराशे पौंड," एडिथ कारमोडी म्हणाली. "नवऱ्याच्या विम्याचे. वादळात त्याची होडी गेली, त्याचे मिळालेले. आता त्यांची किंमत विचाराल, तर तुमच्या समोरच्या चहाएवढीसुद्धा नाही."

मिस हेस्टर क्विगलीनं चहाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. ती पर्थची खासगी गुप्तहेर. गुरुवारच्या विमानानं ब्रूम बंदराच्या गावी उतरून तिला जेमतेम तास झाला होता. सोबत सार्जंट वॉली डग्डेल, पोलिसातून निवृत्त. माणूस मनानं चांगला, पण डोकं बैलगाडीच्या वेगानं चालणारं.

"पहिल्यापासून सांगा," मिस क्विगली म्हणाली.

एडिथनं सांगितलं. ब्रूम जगतं ते मोत्याच्या शिंपल्यांवर. त्यांची बटणं होतात आणि जवळजवळ सगळा माल न्यूयॉर्कचा एकच व्यापारी घेतो. पाच जुलैला, शुक्रवारी, त्याचं पत्र बीगल शिंपला कंपनीच्या नावानं आलं. कंपनीचे मालक कॅप्टन हॅल्पिन तेव्हा समुद्रावर. पत्र पोस्टाच्या तिजोरीत पडून राहिलं. मंगळवारी, नऊ तारखेला, एडिथनं पर्थच्या बँकेमार्फत कंपनीचे शेअर घेतले. सोमवारी, पंधराला, कॅप्टन परतले आणि सगळ्यांसमोर पत्र फोडलं.

"एवढंच लिहिलं होतं," एडिथ म्हणाली. "यापुढे शिंपला नको. कारखान्यांनी प्लॅस्टिकची बटणं घेतली. नमुना सोबत."

सार्जंटनं जोरात शीळ घातली. मग बाई विधवा आहे हे आठवून ओशाळला.

"मला शेअर विकले कुणी, ते बँक सांगत नाही," एडिथ पुढे म्हणाली. "विकणाऱ्यानं लिहून दिलंय, भाव पडेल असं काही मला ठाऊक नाही. वकील म्हणतात, ते खोटं ठरलं तर व्यवहार रद्द. पण आधी नाव हवं. नाहीतर महिनाअखेर कर्जापायी घर जाईल. दोन पोरं आहेत हो मला."

"घेण्याआधी कुणाचा सल्ला घेतला होता?"

"सल्ला असा नाही. घेणार आहे हे कुणालाच बोलले नव्हते. पण लायनेल, माझा भाऊ, कंपनीत शिंपले निवडतो. दर रविवारी माझ्याकडे जेवायला असतो. त्याला सहज विचारलं होतं, शिंपल्याचं कसं काय? म्हणाला, नेहमीसारखं, पक्कं."

बाहेर पडल्यावर सार्जंट म्हणाला, "सरळ आहे, बाई. कुणीतरी आधीच पत्र फोडून वाचलं."

"बघू या," मिस क्विगली म्हणाली.

बीगलचे शेअर त्या बँकेच्या नावावर ठेवलेले, म्हणजे नाव न कळता ते विकू शकणारे, गावात तिघंच होते. कॅप्टन, पोस्टमास्तर आणि लायनेल ट्रेस्क.

पोस्टमास्तर पॉमफ्रे लाल झाला. "फोडलं म्हणे! लाखेचं सील शाबूत होतं. कॅप्टननं सगळ्यांना दाखवून तोडलं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर बोट नाही उठलं!"

"कुणी उठवलंय? त्या दिवशी काय झालं, तेवढं सांगा."

"कॅप्टननं वाचलं. बटण पाकिटातून टेबलावर पडलं. त्यानं ते गालाला लावलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. ट्रेस्ककडे दिलं. ट्रेस्कनं तसंच माझ्याकडे सरकवलं. मी गालाला लावलं. मग कारमोडीबाईंनी लावलं आणि त्या मटकन खालीच बसल्या."

"गालाला का?" सार्जंटनं विचारलं.

पॉमफ्रेनं त्याच्याकडे कीव करून पाहिलं. "खरा शिंपला गार लागतो, सार्जंट. नकली नाही लागत. ब्रूममधलं शेंबडं पोरसुद्धा बटण हातात आलं की आधी गालाला लावतं. हात आपोआपच जातो."

कॅप्टन हॅल्पिन होडीच्या दोरांवर बसून पाईप ओढत होता. "सात होड्या आहेत माझ्या," तो म्हणाला. "आज फुकट दिल्या तरी कुणी घ्यायचा नाही. शेअर? एकही विकला नाही. विकायला हवा होता, असं बायको सकाळ-संध्याकाळ ऐकवते."

लायनेल ट्रेस्क गोदामात शिंपले निवडत होता. हडकुळा, पन्नाशीचा. बोलता बोलता एकेक शिंपला उचलायचा, गालाला टेकवायचा आणि ढिगात टाकायचा. घेणारं कुणी उरलं नव्हतं, तरी हात चालूच होते.

"बहिणीसाठी वाईट वाटतं," तो म्हणाला. "मला आधी विचारलं असतं तर..."

"तर?"

"घाई नको म्हणालो असतो." त्यानं मान खाली घातली.

मिस क्विगली त्याच्या सदऱ्याकडे पाहत होती. सदरा नवा कोरा, परदेशी धाटणीचा. बटणं मात्र जुनी, पिवळट शिंपल्याची, जाड काळ्या दोऱ्यानं कशीबशी शिवलेली.

शेवटी ती सार्जंट डग्डेलचा कोट घेऊन धोबिणीकडे गेली. रोझा माग्नो बोलकी होती, पण कुणाचे कपडे कसे, हे मात्र ती सांगायची नाही.

"इस्त्री जपून करा," मिस क्विगली म्हणाली.

"मला सांगता? वीस वर्षांत एकदाच घोटाळा झालाय. एकोणतीस जूनला, शनिवारी. नव्या सदऱ्याची बटणं इस्त्रीखाली मेणासारखी वितळली हो! वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं. वितळलेली बटणं उचलून नेली. वर दोन शिलिंग दिले, कुणाला सांगू नको म्हणून. नाव विचारू नका. शब्द दिलाय मी."

"नाही विचारत," मिस क्विगली म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिनं सगळ्यांना गोदामात बोलावलं. आधी काही न बोलता न्यूयॉर्कचं ते बटण कॅप्टनच्या हातात दिलं. त्यानं गालाला लावून पुढे दिलं. लायनेलनं लावलं. पॉमफ्रेनं, एडिथनं लावलं. दाराशी उभ्या रोझानंही लावलं.

"पत्र आधी कुणी फोडलं, हाच प्रश्न सगळे विचारत होते," मिस क्विगली म्हणाली. "उत्तर सोपं आहे. कुणीच नाही."

"पण मग कळलं कसं?" सार्जंट ओरडलाच.

"बातमी पत्राआधी सदऱ्यावर बसून आली होती, सार्जंट. जून महिन्यात इथल्या एकानं परदेशी सदरा घेतला. त्याची बटणं दिसायला अस्सल शिंपला, पण इस्त्रीखाली वितळली. ती कुणाची, हे रोझाबाई सांगणार नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्या माणसाला तिथल्या तिथे समजलं की आपला धंदा बसला. न्यूयॉर्कनं कळवायच्या आधीच समजलं. मग त्यानं गुपचूप शेअर विकायला काढले."

"कुणी?" एडिथनं विचारलं.

"सोमवारी बटण हातोहात फिरलं. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या प्रत्येकानं ते गालाला लावून पाहिलं. पोस्टमास्तरांनीसुद्धा, आणि ते तर शिंपल्याच्या धंद्यातलेही नाहीत. एकानंच तसंच पुढे सरकवलं. ज्याचा हात दिवसाला हजारदा गालाकडे जातो, नेमकं त्यानं. त्याला पाहायचंच काय होतं?" ती वळली. "आज लावलंत, मिस्टर ट्रेस्क. सोमवारी का नाही?"

लायनेलचा हात सदऱ्याच्या काळ्या दोऱ्याकडे गेला. रोझानं नजर दुसरीकडे वळवली.

एडिथला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिनं तोंडावर हात धरला. "लायनेल? तू? मला विकलेस?"

"तू आहेस हे ठाऊक नव्हतं गं, एडी! देवाशपथ! बँकेत काय, घेणाऱ्याला तोंड नसतं, विकणाऱ्याला तोंड नसतं. मला वाटलं, सिडनीचा कुणी बडा माणूस घेईल. सोमवारी तू खाली बसलीस तेव्हा कळलं, आणि मग... मग जीभच उचलेना."

"सिडनीच्या माणसाला पोरं नसतात का?"

तो रडायला लागला. कुणी जवळ गेलं नाही. कॅप्टनचा पाईप विझला होता, तरी तो ओढतच होता.

मिस क्विगलीनं वकिलाचा कागद पुढे केला. व्यवहार रद्द करायला तयार आहे, आणि अमुक तारखेपासून मला ठाऊक होतं, असा मजकूर होता. तारखेची जागा कोरी होती.

लायनेलनं सही केली. तारखेपाशी अडखळला. मग लिहिलं, शनिवार, एकोणतीस जून.

एडिथनं कागद घेतला. घर वाचलं होतं, पोरांच्या डोक्यावर छप्पर राहिलं होतं. सार्जंटला वाटलं, आता बाई सुटकेचा निःश्वास टाकेल. पण ती त्या तारखेकडे बघतच राहिली.

"म्हणजे तीसला रविवार," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवताना मी तुला विचारलं होतं, शिंपल्याचं कसं काय. आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणालास, नेहमीसारखं, पक्कं."