कोरा फोटो

आधी वजाबाकी केलेली हकीकत. माझ्या थोरल्या बहिणीच्या यकृतात गाठ होती. तिला सोन्याचे कण टोचले, कॅमेऱ्यात गाठीची कड दिसली, सर्जनबाईंनी गाठ काढली. ताई घरी गेली, जेवू लागली, भावजींवर ओरडू लागली. कॅमेरा मी चालवते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आता जे वजा केलं होतं, ते.

*

कॅमेऱ्याची खोली ऑपरेशन थिएटरला लागून आहे. एक टेबल, छताला कॅमेरा, शेजारी दिवा; काचेपलीकडे माझी खुर्ची आणि पडदा. दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरतो. आत सोन्याचे कण असतील तर ते हा उजेड पितात आणि स्वतःचा वेगळा उजेड बाहेर टाकतात. तोही फक्त कॅमेऱ्यालाच दिसतो. कण किती बारीक? रक्तातली एक तांबडी पेशी खेळाच्या मैदानाएवढी धरली, तर एक कण मैदानात पडलेल्या लिंबाएवढा. ते गाठीला चिकटून बसतात, उरलेले लघवीवाटे निघून जातात. उजळेल ती गाठ. सर्जनबाई उजेडाच्या कडेकडेने कापतात.

टोचण्याआधी आम्ही एक फोटो काढतो. त्याला कोरा म्हणतो. शरीर आपणहून थोडं चमकतं, दिव्याचाही थोडा उजेड परत येतो. ते सगळं कोऱ्यात येतं आणि यंत्र पुढच्या प्रत्येक फोटोतून कोरा वजा करतं. मग उरतं ते निव्वळ सोनं. कोरा उघडून कोणी बघत नाही. बघण्यासारखं त्यात असतं काय?

ताई टेबलावर आडवी झाली.

"आयुष्यभर दागिना नको म्हणाले, म्हणून आता आतूनच मढवताय होय गं मला?"

"हलू नकोस."

"हलतेय कुठे? बोलतेय."

"बोलताना पोट हलतं."

"मग सांग तुझ्या मशीनला, ही बाई अशीच आहे म्हणून."

मी कोरा काढला. मग नर्सने सुई टोचली, कापसाचा बोळा दाबून वर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला परत त्याच टेबलावर घेतलं.

पडदा काळा. नुसता काळा नाही, धुतल्यासारखा काळा.

सर्जनबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "सोनं लागलंच नाही," त्या म्हणाल्या. "कड दिसत नसेल तर मी हात घालणार नाही. मोठी रक्तवाहिनी अगदी खेटून आहे. तुम्ही बहीण आहात म्हणून आडवळणाने बोलत नाही. ऑपरेशन नको करूया."

"आणि नाही केलं तर?"

त्यांनी हातमोजे काढले.

बाहेर बाकावर भावजी ताईच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. "काय म्हणाल्या मॅडम?"

"मशीन तपासते जरा."

"तपास, तपास. सावकाश तपास." चपला त्यांनी पोटाशी आणखी घट्ट धरल्या.

मी आत येऊन वजाबाकी बंद केली. गाठ लख्ख उजळली. म्हणजे सोनं लागलं होतं. गडबड कोऱ्यात होती. मी कोरा उघडला.

*

फोटो. ताईची राखाडी आकृती. उजव्या बरगडीखाली पांढराशुभ्र डाग, अर्धवट खाल्लेल्या बिस्किटासारखा. त्याच्या खाली मोहरीएवढा दुसरा ठिपका.

*

हा फोटो टोचण्याआधीचा. तेव्हा सोन्याची बाटली सीलबंद होती, फ्रिजमध्ये. मला वाटलं, कुठला तरी दुसराच फोटो कोऱ्याच्या जागी आला. पण बेंबीशेजारी लहानपणी भाजल्याचा व्रण होता, तो ताईचाच. दुसऱ्या दिवशीचा असेल, असंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिचे हात डोक्याखाली होते. इथे ते अंगालगत होते, कोरा काढताना होते तसे.

डाव्या कोपराच्या आत कापसाचा बोळा होता. वर चिकटपट्टी.

मी पडद्यावर बोट ठेवून बघितलं. धूळ नव्हती.

मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. कॅमेऱ्याला झाकण लावून एक काळा फोटो घेतला, कोऱ्याच्या जागी तो वापरला आणि सर्जनबाईंना हाक मारली. "कोरा बिघडला होता," मी म्हणाले. त्यांनी पडदा बघितला आणि पुन्हा हातमोजे मागवले.

गाठ निघाली. मोहरीएवढा ठिपकाही निघाला. तो आधीच्या कुठल्याच तपासणीत दिसला नव्हता. "ही बारकी गाठ राहिली असती तर सगळं मुसळ केरात," बाई म्हणाल्या. भावजी कॉरिडॉरमध्येच रडले. चपला हातातच.

कोरा मी पुसून टाकला.

*

ताई पुन्हा तपासणीला आली. गालांवर मांस चढलं होतं.

"तुझे भावजी म्हणतात, आता वजनकाट्याला सोनं टोचा," ती म्हणाली आणि टेबलावर चढली. डोकं टेकवल्यावर मात्र वेगळ्या आवाजात विचारलं, "परत आली असेल तर दिसेल ना गं लगेच?"

"टोचल्यावर. उद्या."

"बरं."

पण मला उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. कोरा काढला आणि लगेच उघडला. पांढरं काही आहे का, एवढंच बघायचं होतं.

*

फोटो. टेबल. उशी. उशीत मधोमध खळगा.

*

"झालं?"

"थांब. हललीस तू."

"मी? श्वाससुद्धा धरला होता, बाई!"

मी काचेतून बघितलं. ताई टेबलावर होती. छतातल्या कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवत होती.

मी परत काढला.

*

फोटो. टेबल. उशीतला खळगा जवळजवळ भरून आलेला.

*

"सांग ना. आहे का काही?"

"गाठ नाही," मी म्हणाले. ती खरोखरच कुठे नव्हती.

"मग तोंड का पाडलंयस? इकडे ये."

मी आत गेले. कॅमेऱ्याचं वायरचं बटण हातातच राहिलं होतं.

"पाय बघ किती गार पडलेत. या खोलीत माणसं ठेवता की भाजी?"

कपाटातून पांघरूण काढलं. तिच्या अंगावर घातलं, पायांखाली खोचलं. पांघरुणावरून तिची टाच हातात धरली. गार होती. टणक होती. होती.

"आता नीट काढ," ताई म्हणाली. "हलत नाही मी."

टाच न सोडता मी बटण दाबलं. पडदा काचेपलीकडे होता, पण इथूनही दिसत होता.

*

फोटो. टेबलावर पांघरूण, इस्त्री केल्यासारखं सपाट. एका कडेला माझा हात, मनगटापर्यंत. बोटं वाकलेली, कोणाची तरी टाच धरावी तशी.