डिकीतला खोकला

तशी काही अवसेची रात्र नव्हती हो. सकाळचे नऊ वाजलेले, मे महिना. मुरुडची सावित्री लेकीजावयाच्या गाडीतून मुंबईला निघालेली. पाच महिन्यांची नात सानवी तिच्या मांडीवर, शेजारी लेक अक्षया, गाडी चालवायला जावई हर्षद. मागे आंब्याच्या पेट्या इतक्या कोंबलेल्या, की डिकी काही लागेना. शेवटी सावित्रीनेच ती सुंभाने अर्धी उघडी बांधून टाकली.

"बांधली बघा जावईबापू. आता तुमच्यासारखी गप बसेल."

सावित्रीची जीभच तशी. खोड्या तर विचारू नका. मांजरासारखी रडेल, बकरीसारखी ओरडेल. दिवाळीत जावयाच्या बुटात तिने नांगीवाली जिवंत कुर्ली सोडलेली.

दापोली मागे पडली. पुढे रस्त्याचं काम, लाल धुरळा. हर्षदने काचा चढवल्या, एसी लावला. तेवढ्यात धुराचा वास आला.

"पुढच्या ट्रकचा असेल," हर्षद म्हणाला.

ट्रक वळून गेला. वास गेला नाही. साडीत, केसांत मुरतच चालला...

मग मागून, पेट्यांच्या आतून, कोणीतरी खोकलं. बारीक. तान्ह्या पोराचा खोकला.

"आई, पुरे हां," हर्षद आरशात बघून हसला.

"मी नाय ओ..."

"कुर्लीच्या वेळीपण हेच म्हणालात."

पुन्हा खोकला. आता अगदी मानेशी. सावित्रीने वळून पाहिलं. पेट्या, पेंढा, आणि डिकीच्या फटीतून मागे पळणारा रस्ता. बाकी काही नाही.

"अक्षया... ऐकलंस गो?"

"डोकं फुटतंय आई... झोपू दे..."

हर्षदही जांभयांवर जांभया देत होता. गाडी एकदा रस्त्याच्या कडेला घसरून परत आली.

आणि खोकला थांबला. एकदम.

सावित्रीने मांडीवर पाहिलं. सानवी गुलाबी गुलाबी दिसत होती, ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे. दृष्ट काढावी इतकी देखणी. सावित्रीने तिच्या नाकाशी बोट धरलं. बोटाला श्वास जाणवेना...

"थांबवा! गाडी थांबवा!"

"आई, किती ती थट्टा..."

तिने मागून जावयाचे केसच धरले आणि ओढले. गाडी थांबली. पोरीला घेऊन ती बाहेर मोकळ्या हवेत धावली, तळपायांवर टिचक्या मारत राहिली. बराच वेळ काही नाही. मग पोर खोकली.

तोच खोकला. जसाच्या तसा.

धुराच्या विषानेच ओठ असे लाल झालेत म्हणत खेडच्या डॉक्टरांनी सानवीला रात्रभर ऑक्सिजन लावून ठेवला. गॅरेजवाला रितेश गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"सायलेन्सर सांध्यात फुटलाय. त्यात तुम्ही डिकी उघडी ठेवलीत, म्हणजे धूर सगळा आत ओढला जाणार. बांधली कोणी अशी?"

सावित्री सुंभाची गाठ सोडायला लागली.

गाडी तिथेच टाकून सगळी एसटीने मुरुडला परत आली. आज आठवा दिवस. पोर हसते, पाय झाडते, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण दूध पिऊन तिने ढेकर दिला, की तोंडाला दुधाचा वास येत नाही. गाडीच्या धुराचा येतो.

सावित्रीने लेकीला सांगून पाहिलं. अक्षया रडायलाच लागली. "आई, पोरीच्या जिवावर तरी थट्टा नको गो करूस."

आता सावित्री कोणाला सांगत नाही. रोज सकाळी नातीच्या तोंडाशी नाक नेते आणि हुंगते.

कालच्यापेक्षा आज जास्त येत होता...