फेरतपासणीचा मंगळवार

जिल्हा रुग्णालयात सगळे त्याला आकडेशास्त्री म्हणत. ऑपरेशननंतर तीस दिवसांत किती रोगी दगावले, यावरून वॉर्डाचा कस ठरवणं हे त्याचं काम. यंदा एकाच वॉर्डातले सात जण घरी गेल्यावर जखम चिघळून, ऑपरेशनला महिना व्हायच्या आत दगावले होते.

"चालत घरी गेले ना? मग आपल्या माथी कशाला?" अधीक्षक म्हणाले. "वॉर्ड बंद पडला तर लोकांनी जायचं कुठे?"

त्याने सातही नावांपुढे 'जिवंत' लिहिलं. त्यातली एक त्याची सख्खी मावशी होती. तिला ऑपरेशनला राजी केलं होतं त्यानेच. अहवाल वर गेला, ऑपरेशन थिएटरची तपासणी टळली.

दीड महिन्याने फेरतपासणीच्या खोलीतली नर्स वही घेऊन आली.

"साहेब, ही सात माणसं दर मंगळवारी येतात. वजन करून घेतात, बाकावर बसतात, बोलत नाहीत. यांना बोलावलंय कोणी?"

त्याने वही उघडली. सातही नावं ओळखीची. पाच आठवडे प्रत्येकाचं वजन तेच. ग्रॅमचाही फरक नाही. नाडीचा रकाना कोरा.

"नाडी का लिहिली नाही?"

"सापडत नाही," ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, माझाच हात चुकतोय."

त्याच दुपारी त्याने दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. सहा नावांपुढे 'मृत' लिहिलं. सातव्या, मावशीच्या नावाशी पेन थांबलं. एकदा भेटून माफी मागू, मग लिहू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि सहाच नावांचं पत्र पाठवून दिलं.

मंगळवारी अकरा वाजता तो खाली गेला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. लांब बाकावर एकच बाई बसली होती, राखाडी शाल गुंडाळून; बाकीचे सहा आले नव्हते. जवळ जाताच चिघळलेल्या जखमेचा वास आला.

"मावशी."

तिने वर पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"चुकलो गं मी."

त्याने खाली वाकून विचारलं,

"दुखतं का अजून?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग मी काय करू? सांग ना. तुझ्या नावापुढे लिहिलं, की तूही यायची थांबशील."

मावशीने शाल सावरली, आणि बाकावर थोडी सरकून त्याच्यासाठी जागा केली.