थंड ठिपका

नागपूरच्या उष्णता प्रयोगशाळेतली ती खोली मुद्दाम पन्नास अंशांपर्यंत तापवली होती. टेबलावर तीन फ्रीज होते, तिन्ही गाडीत नेण्याजोगे. प्रत्येकात एक तापमापक ठेवला होता. काचेच्या अलीकडे दिगंबर ठोसर आणि त्याची बायको रोहिणी आकडे बघत बसले होते. दोघांनी याच प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं आणि दोघं नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना वर्षभर घरगाडीतून हिंडायचं होतं.

अडचण एकच होती. रोहिणीचे स्नायू हळूहळू निकामी होत होते. रोज संध्याकाळी एक इंजेक्शन घेतलं की ती चालत होती, बोलत होती, श्वास घेत होती. एक दिवस जरी चुकलं तर छातीचे स्नायू थांबले असते. आणि ते औषध आठ अंशांच्या वर गेलं की वाया जात होतं.

"डॉक्टर म्हणाले, तुम्ही फिरू शकत नाही," रोहिणी म्हणाली. "मी म्हटलं, फ्रीज फिरू शकतो ना? मग मी त्याच्याबरोबर जाते."

"गॅसवर चालणारा बाद," दिगंबर म्हणाला. "गाडी जरा कलती उभी राहिली की रुसतो. कॉम्प्रेसरवाला चांगला आहे, पण खडबडीत रस्त्यावर त्याचा भरवसा वाटत नाही."

"मग माझाच घ्या की," मागून त्यांचा सहकारी सादिक मुल्ला म्हणाला. तिसरा फ्रीज त्याने बनवला होता. त्याच्या भिंतीत एक पातळ उचलपट्टी होती. तिच्यातून वीज गेली की ती एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूला टाकायची. गॅस नाही, हलणारा भाग नाही. "पण वहिनी, मागचे धातूचे पंख मोकळे ठेवायचे. उष्णता तिथूनच बाहेर पडते."

"सादिक, मला उष्णता शिकवतोस?"

"तुम्हाला नाही, तुमच्या नवऱ्याला सांगतोय. थंडी नावाची वस्तूच नसते. आतली उष्णता बाहेर टाकली की जो फरक उरतो, त्याला आपण थंडी म्हणतो. टाकायला जागा नसेल, तर पट्टी नुसती वीज पीत बसते."

"आणि वीज कुठून द्यायची?" दिगंबरने विचारलं.

"गाडीच्या लहान बॅटरीतून. टपावर सौरचादर लाव, ती बॅटरी भरत राहील. मध्ये मी तोडकळ बसवलीय. बॅटरी फार उतरली की ती फ्रीज बंद करते."

दिगंबरचा चेहरा बदलला. "म्हणजे हिचं औषध तापलं तरी चालेल, गाडीचे दिवे लागले पाहिजेत?"

"दिव्यांचं नाही रे. चाकांची मोठी बॅटरी जागी करायला लहान बॅटरीच लागते. ती मेली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. कुलपं, पाण्याचा पंप, उपग्रहाचा अँटेना, सगळं ठप्प."

निघायच्या आदल्या दिवशी दिगंबरने तोडकळ काढली आणि फ्रीज सरळ बॅटरीला जोडला. ती बंद होण्याची शक्यताच त्याला नको होती.

रोहिणीनेही एक गोष्ट केली. त्यांच्या घरात मिक्सरला कव्हर होतं, टीव्हीला होतं, रिमोटलासुद्धा होतं. नव्या फ्रीजला तिने गोधडीच्या कापडाचं जाड कव्हर शिवलं. दिगंबरने ते बघितलं आणि म्हणाला, "छान. ऊनही लागणार नाही." उष्णतेवर तीस वर्षं काम केलेल्या दोन माणसांनी नवी वस्तू धुळीपासून वाचवायची म्हणून तिचे पंख बांधून टाकले, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

* * *

कच्छच्या रणात ते फेब्रुवारीत पोचले. पूर्वी या दिवसांत तिथे लोक शेकोट्या पेटवत. आता पारा सत्तेचाळीसवर होता. रोज संध्याकाळी सादिकला 'बरे आहोत' एवढा निरोप पाठवायचा, असं ठरलं होतं.

रस्ता सोडून ते बरेच आत गेले आणि मिठाच्या मैदानात मुक्काम केला. पहाटे वारा सुटला. त्याने सौरचादर उपटून नेली आणि मिठाची धूळ उडवून ठेवली. दिवस उजाडला तेव्हा सूर्य फक्त एक पिवळट डाग होता. धुळीमुळे कुठे जाता येईना. तो दिवस त्यांनी गाडीतच काढला. फ्रीज कव्हरच्या आत गुदमरत बॅटरी पीत राहिला. संध्याकाळी निरोप पाठवायला दिगंबरने बटण दाबलं, तर दिवासुद्धा लागला नाही.

त्याने कव्हर ओढून काढलं आणि पंखांना हात लावला. हात पोळला. "तोडकळ मी काढली," तो म्हणाला.

"दोघांनी मिळून केलंय," रोहिणी म्हणाली. "एकट्याने श्रेय घेऊ नकोस. सुई टोचायचं बघ आता, वेळ झाली."

फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या होत्या. त्या होत्या तोवर औषधाला धोका नव्हता. संध्याकाळचं इंजेक्शन दिल्यावर तीन कुप्या उरल्या. सकाळी दिगंबरने झाकण जरासं उघडून बघितलं. पिशव्यांत बर्फ कमी आणि पाणी जास्त होतं. दिवस मावळेपर्यंत बर्फ टिकला असता, पुढे नाही.

निरोप आला नाही म्हणजे सादिक गप्प बसणार नाही, हे दोघांना माहीत होतं. आणि दुपारी खरंच आवाज आला. वर, धुळीच्या थरापलीकडून, शोधपाखरू, हरवलेल्या माणसांना शोधणारं ड्रोन, येत होतं. दिगंबर बाहेर धावला. त्याने हात फिरवले, आरोळ्या ठोकल्या. पाखरू गाडीच्या जवळजवळ डोक्यावरून गेलं आणि तसंच पुढे निघून गेलं.

तो परत आला तेव्हा रोहिणी गादीवर पडूनच म्हणाली, "त्याने आपल्याला बघितलं नाही."

"धुळीत काय दिसणार!"

"डोळ्याने बघतच नसेल ते. धुळीत उष्णतानेत्र लावतात. बाहेर जमीन किती तापलीय?"

त्याने तापमापक जमिनीला लावला. "एकावन्न."

"टप?"

टपावर मिठाचा थर बसला होता. "बावन्न."

"आणि तू?"

त्याने तापमापक आपल्या टोपीला लावला, मग शर्टाला. टोपी पन्नास, शर्ट एकोणपन्नास.

"संपलं," ती म्हणाली. "थंड मुलखात माणूस जमिनीपेक्षा गरम असतो, म्हणून दिसतो. इथे आपण, गाडी आणि मीठ सगळं एकाच रंगाचं. पडद्यावर आपण नाहीच."

"काहीतरी पेटवू. फार गरम असेल ते दिसेल."

"कशाने पेटवणार? इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्यांच्या घरात काडेपेटी असते का?"

तो गाडीभर शोधत राहिला. काही सापडलं नाही. ती म्हणाली, "शोधपाखरं पट्टे पाडून शोधतात. आता ते टोकाला जाऊन वळेल आणि शेजारच्या पट्ट्यातून उलटं येईल. तेव्हा आपण त्याच्या नजरेत असू, शेवटचे. त्याच्या पुढचा पट्टा लांब जातो."

"मग?"

"मग गरम होता येत नसेल तर थंड व्हायचं. या सगळ्या रणात आपल्यासारखं नसलेलं एकच काहीतरी आहे."

दिगंबरला कळलं. तो फ्रीजच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला.

"नाही. प्यायचं पाणी वापरू."

"अर्धी बाटली आहे. टाकीतलं वर येत नाही, पंप मेलाय. ते आपल्याला प्यायचंय."

"मग एक पिशवी वापरू. बाकी कुप्यांसाठी ठेवू."

"एका पिशवीत रुमाल भिजेल. एवढ्या उंचीवरून रुमाल दिसेल?"

"रोहिणी, बर्फ गेला तर उद्याचं औषध गेलं."

"आणि पाखरू गेलं तर? त्या झाकणाखाली तू काय राखून ठेवणार आहेस, आणि कुणासाठी?" तिचा आवाज चढला आणि लगेच धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "आजची सुई आत्ता दे. थोडी लवकर चालते. मग माझ्याकडे उद्याची संध्याकाळ आणि वर थोडा वेळ असेल. एवढ्यात कोणी आलं तर आलं."

त्याने इंजेक्शन दिलं. पहिल्यांदा सुई नीट लागली नाही, दुसऱ्यांदा टोचावी लागली. "टोचायला सांगितलंय, शिवायला नाही," ती म्हणाली.

लांबून आवाज यायला लागला. दिगंबरने पलंगपोस ओढून घेतला, पिशव्या कापल्या आणि बर्फाचं पाणी त्यावर ओतलं. उरलेल्या दोन कुप्या रिकाम्या फ्रीजच्या तळाशी गडगडल्या. गार, जड कापड डोक्यावरून अंगावर घेऊन तो मिठात चालत गेला आणि गाडीपासून दूर, मोकळ्यावर उभा राहिला.

आवाज वाढला. डोक्यावर आला. पुढे गेला. मग बदलला. पाखरू वळलं होतं. ते खाली उतरत घिरट्या घालू लागलं आणि त्याच्या कर्ण्यातून खरखर आली.

"दिगंबर? मी सादिक. नागपूरहून बोलतोय. तुझं मला ऐकू येणार नाही, ओरडू नकोस." आवाज घाबरलेला होता. "ऐक. पडद्यावर मला माणसाच्या आकाराचं काहीतरी दिसतंय, बारा अंशांवर. एवढं थंड म्हणून यंत्र त्याला प्रेत म्हणतंय. प्रेतांसाठी पाखरू थांबत नाही, नोंदीपुरत्या घिरट्या घालून पुढे जातं. मढं असशील तर तसाच उभा राहा. नसशील तर काहीतरी कर!"

दिगंबरने हात हलवले. चादरीखालीच हलवले आणि त्याला कळलं, की यात काही अर्थ नाही. वाऱ्याने कापडही हलतंच. त्याने चादर खाली टाकली.

"गेलास! कुठे गेलास? पडदा कोरा झाला."

त्याने चादर उचलून पुन्हा अंगावर घेतली.

"आलास."

टाकली. घेतली. टाकली. थंड असताना तो मेलेला होता, गरम असताना नव्हताच. पण प्रेत असं येत नाही आणि जात नाही. त्याने तालात चादर टाकली आणि घेतली, दोनदा पटपट, मग थांबून पुन्हा दोनदा.

कर्ण्यातून सादिकचं रडू की हसू कळेना. "बस, बस! यंत्राला मी सांगितलं, जिवंत आहे म्हणून. मदतीची गाडी निघाली आहे, पण धुळीतून तिला उद्या रात्र होईल." खरखर झाली. तो पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "दिगंबर, पाखराच्या पोटात एक शीतपेटी आहे. वहिनींचं औषध आहे तिच्यात, आठवडाभराचं. पण याच औषधावरचा आणखी एक रुग्ण पलीकडच्या गावात अडकलाय, आणि पेटी एकच आहे. नियम असा आहे, की रुग्ण जिवंत दिसला तरच टाकायची. मला एकच ठिपका दिसतोय. पाखराची वीज संपत आलीय. वहिनी आहेत का? मला दाखव."

दिगंबर गाडीकडे वळला. तिला उचलून आणायचं म्हटलं, तरी चादरीखाली दोघं एकच ठिपका दिसणार होते. आणि कापड वाळत चाललं होतं. कडा आत्ताच कोमट लागत होत्या.

गाडीचं दार उघडलं. रोहिणी दाराला धरून खाली उतरली. दार सोडलं आणि चालायला लागली. चार पावलं टाकून ती गुडघ्यांवर आली. तो धावला.

"उचलू नकोस," ती म्हणाली. "फाड."

त्याने कापडाची कड दातात धरली आणि ओढली. ओलं कापड फाटेना. तिने दुसरं टोक मुठीत धरलं, होतं तेवढं बळ लावलं आणि तो मागे मागे सरकत गेला. कापड टरकलं आणि उभं फाटत गेलं. अर्धं तिच्या हातात राहिलं, अर्धं त्याच्या.

तिने आपलं अर्धं डोक्यावरून घेतलं. "लांब जा," ती म्हणाली. "अजून लांब."

तिला तिथे एकटीला मिठात बसवून जाणं त्याच्याने होईना. ती ओरडली, "अरे, जा ना!" तेव्हा तो पाठमोरा न होता, तिच्याकडे बघत मागे गेला. मध्ये रिकामं पांढरं मीठ आलं. त्याने आपला तुकडा अंगावर घेतला आणि दूरवरून बघितलं. तिने तिचा तुकडा खांद्यावरून खाली टाकला आणि सावकाश पुन्हा वर घेतला.

कर्णा काही वेळ नुसता खरखरत राहिला.

"दोन," सादिक म्हणाला.

पाखराचं पोट उघडलं.