दोन झेंड्यांचं उत्तर

चेंडू चोरीला गेले तेव्हा डॉ. जयंत ओगले बाकरवडी खात होते. हे त्यांनी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं, कारण त्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती.

जयंतराव निवृत्त भूलतज्ज्ञ. लेस्टरच्या हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना झोपवून आणि उठवून झाल्यामुळे समोर जागा असलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना कधी नीट उमगलं नाही. त्यांची मेहुणी प्रमोदिनी नेमकं तेच करून पोट भरायची. बेलग्रेव्ह रोडवर साडीच्या दुकानाच्या वर तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं.

"भावजी, तुम्हाला दिसतं खूप," ती म्हणायची. "फक्त तुम्ही त्याचं काही करत नाही."

त्या शनिवारी दोघं नॉटिंगहॅमबाहेरच्या एका क्रिकेटच्या मैदानावर आले ते मुरलीधर दाणींमुळे. दाणी निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. मुलाने त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, म्हणून लिफ्ट हवी होती. तरुणपणी मेलबर्नला ट्रेनिंगला असताना त्यांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा नाद लागला, आणि इकडची छोटीशी लीग सुरू झाल्या दिवसापासून ते तिचे गोल अंपायर होते. आज तिची फायनल होती.

गाडीत मात्र ते अख्खा वेळ आपल्या सोमवारच्या गँगबद्दल बोलले. आठ निवृत्त मंडळी, मेल्टन रोडच्या शाळेचा हॉल आणि पिकलबॉल. टेबल टेनिस आणि बॅडमिंटनचं भांडण कोर्टाबाहेर मिटवावं तसा हा खेळ.

"सोमवार नसता ना जयंता, तर मी रविवारी रात्रीच आटोपलो असतो," दाणी म्हणाले. मग खिडकीबाहेर बोट दाखवून, "इथे लाव गाडी. पॅव्हिलियनच्या मागे, छपराखाली. कोरडी राहील."

जयंतरावांनी डिकीतल्या दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, तिसरी, कोणी आलं-गेलं तर म्हणून, आतच ठेवली, आणि डबा घेऊन दोघं मैदानाच्या पलीकडच्या कडेला बसले.

खेळ त्यांना निम्मा कळला. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि खांबांना माणसाच्या उंचीचं निळं फोम गुंडाळलेलं. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की गोल. बाजूने गेला तरी एक गुण मिळतो, हे त्यांना फार आवडलं. आयुष्यात अशी सोय हवी होती. आणि आवडले ते गोल अंपायर. पांढरा लांब कोट, पांढरी हॅट, हातात दोन झेंडे. गोल झाला की इकडचा दोन्ही झेंडे हलवायचा, आणि पार दुसऱ्या टोकाचा दोन्ही हलवून उत्तर द्यायचा. कळलं, लिहून घेतलं. दोन जहाजं एकमेकांना ओळख देतात तसं.

हाफटाइमला दाणी त्यांच्याकडे आले. "किल्ली दे रे. चष्मा गाडीत राहिला."

तिसऱ्या क्वार्टरला वारा सुटला आणि सगळा खेळ मैदानाच्या एकाच टोकाला जाऊन अडकला. तिथे गोल अंपायर होता स्वानंद, विद्यापीठात शिकणारा. गोलांमागून गोल होत होते. मग एक सर आली. प्रमोदिनीने छत्री उघडली. दूर दुसऱ्या टोकाला दाणी पावसात खांबाला टेकून उभे दिसत होते.

"मुरलीधर उभ्या उभ्या झोपलाय बघ," जयंतराव म्हणाले. "आमच्या टेबलावर असं कोणी झोपलं असतं तर बरं झालं असतं."

सर थांबली, थोड्या वेळाने क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला, आणि पॅव्हिलियनमधून अंशुमन धावत आला.

अंशुमन दिवसा फिजिओथेरपिस्ट आणि उरलेल्या वेळात लीगचा अध्यक्ष, सचिव आणि खांब उचलणारा. जन्म इथला, मराठी आईची. "मावशी, बॉल्स गेली. सगळी. मुलांची बॉल्स."

"सावकाश," प्रमोदिनी म्हणाली.

"सोमवारी जूनियर प्रोग्रॅम सुरू होतो. तीन शाळा. कौन्सिलने हॉल दिलाय, त्यांची बाई बघायला येणार. मेलबर्नहून छोटी बॉल्स मागवली, हवा न भरलेली, दोन सॅक. हाफटाइमला मी स्वतः पॅव्हिलियनच्या किट-रूममध्ये पाहिली. आता नाहीत."

"दुसरे आणता येणार नाहीत?"

"यायला वीक्स लागतात. आणि मॅचची बॉल मुलांच्या हातात मावत नाही. सोमवारी मी रिकाम्या हातानी गेलो तर हॉल काढून घेतील. मुलं नाही आली तर पाच वर्षांनी माझा लीग म्हणजे गुडघे बांधलेले बारा अंकल. मावशी, I'm serious."

"कुठला हॉल?"

"मेल्टन रोडची शाळा. का?"

"उगाच," प्रमोदिनी उठली. "पोलिसांना नको बोलावू. ब्रेक किती वेळ?"

"रूलबुकात सहा मिनिटं. इथे चहा संपेपर्यंत."

पॅव्हिलियनला दारं दोनच. पुढच्या दारात भोंग्याचं टेबल, आणि टेबलामागे कस्तुरी, लेस्टरच्या हॉस्पिटलातली डॉक्टर, पुण्याहून आलेली. मागचं दार गाड्यांकडे उघडायचं. ते मैदानातून फक्त एका जागेवरून दिसत होतं: दाणींच्या गोलपासून.

"मी उठलेच नाही," कस्तुरी म्हणाली. "घड्याळ सोडून उठले तर मॅच संपेल कशी?"

"सकाळी अंशुमनशी भांडलीस म्हणे."

"भांडले. मुलांना मेलबर्नचे चेंडू, बायकांच्या टीमला एक पोस्टर. आणि त्यावर फोटो पुरुषांचा." तिने भोंगा टेबलावर आदळला. "पण चोरून काय करू? वॉर्डमध्ये लाथाडू?"

ग्राउंड्समन विटलॉक चिखलाचे बूट आपटत उभे होते. या लीगने आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीची शेती केली, हे त्यांचं जुनं दुखणं. किट-रूमची किल्लीही त्यांच्याकडे, पण मॅचच्या दिवशी ती खोली उघडीच असायची.

"अख्खा क्वार्टर मी खेळपट्टीपाशी होतो," ते गुरगुरले. "माझा आवाज ऐकला नसेल असा एक माणूस दाखवा."

दाखवता येण्यासारखा नव्हता. जयंतरावांना त्या आवाजाने दोनदा ठसका लागला होता.

स्वानंद गुडघ्यापर्यंत भिजून आला आणि चहाच्या कपाला बिलगला. "माझे खांदे गेले झेंडे हलवून. I looked like an idiot. आणि मुरली काका येऊन मलाच विचारतात, किती झाले रे?"

दाणी आले. कोटातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी जयंतरावांच्या हातात किल्ली ठेवली आणि वर एक पेपरमिंट. खाली त्यांच्या करड्या पँटची इस्त्री अजून धारदार होती. जयंतरावांना हेवा वाटला. त्यांची स्वतःची पँट छत्रीखाली बसूनही पायाला चिकटत होती.

"मागचं दार तुमच्या समोर होतं," प्रमोदिनी म्हणाली.

"एक सेकंद नजर हलवली नाही. चिटपाखरू गेलं नाही तिथून." दाणींनी घसा खाकरला. "मला कोणावर आरोप करायचा नाही. पण मग पुढचंच दार उरतं."

सगळे कस्तुरीकडे बघायला लागले. अंशुमनही. कस्तुरीचा चेहरा उतरला. सीझनभर प्रत्येक शनिवारी नाइट शिफ्ट संपवून ती इथे येऊन बसत होती.

"चहा संपला," प्रमोदिनी म्हणाली. "मॅच पुरी करा. मग बोलू."

जयंतराव फ्लास्क आणायला गाडीकडे गेले आणि कुरकुरत परत आले. "माझी तिसरी खुर्ची मागच्या सीटवर कशी आली? मी डिकीत ठेवली होती. लोकांना दुसऱ्याच्या वस्तू..."

"भावजी, डिकी उघडलीत?"

"कशाला? फ्लास्क पुढे होता."

प्रमोदिनीने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. ते बघून जयंतराव अस्वस्थ झाले.

फायनल कोण जिंकलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. शेवटचा भोंगा वाजला, मिठ्या मारून झाल्या, आणि प्रमोदिनीने चार जणांना किट-रूममध्ये बसवलं. जयंतराव दारात उभे राहिले, कारण खुर्ची मागच्या सीटवर होती.

"दारं दोन," ती म्हणाली. "पुढे कस्तुरी, मागे दाणींची नजर. दोघं खरं बोलत असतील तर चेंडू गेलेच नाहीत. म्हणजे एक जण खोटं बोलतोय, आणि दाणींनी कोण ते सुचवलंही. स्वानंद, गोल झाला की तू काय करतोस?"

"दोन flags हलवतो."

"मग?"

"मग पलीकडून काका हलवतात. मग मी खाली घेतो."

"खांदे कधी दुखले?"

स्वानंदच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. "थर्ड क्वार्टर. कारण काका उत्तरच देत नव्हते. मी हलवतच राहिलो."

"आणि ब्रेकमध्ये त्यांनी स्कोअर तुलाच विचारला. एक सेकंदही नजर न हलवणाऱ्या माणसाने."

"डोळा लागला असेल," दाणी म्हणाले. "वय झालं."

"पावसात? बरं, लागला. मग पँट?" प्रमोदिनी जयंतरावांकडे वळली. "भावजी, दाणींच्या पँटकडे मघाशी टक लावून का बघत होतात?"

"इस्त्री," जयंतराव म्हणाले. "कडक होती."

"कोट चिंब, स्वानंद गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि दाणींची इस्त्री शाबूत. कोट पावसात होता, दाणी नव्हते. आपल्याला दिसला तो खांबाच्या फोमला बटणं लावून घातलेला कोट आणि नाडीने बांधलेली हॅट. सगळा खेळ वाऱ्याने पलीकडे नेलेला. तिकडे बघणार कोण? दाणी मागच्या दाराने आत आले आणि सॅक छपराखाली उभ्या असलेल्या गाडीत टाकल्या. ती गाडी तिथे लावायला सकाळी त्यांनीच सांगितलं होतं. जागा पुरेना, म्हणून खुर्ची मागच्या सीटवर."

"माझी गाडी?" जयंतराव म्हणाले.

"किल्ली चष्म्यासाठी नेली होती. दाणी, चष्मा कुठाय?"

दाणींनी सवयीने खिशाला हात लावला. खिसा सपाट होता.

अंशुमन आधीच बाहेर धावला होता. तो परतला तेव्हा दोन्ही खांद्यांवर एक एक सॅक होती आणि चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळ जास्त. "मुरली काका, पण का? तुम्ही तर लीगचे पहिले माणूस."

"हॉल," प्रमोदिनी हळू म्हणाली. "सोमवार. मेल्टन रोड."

दाणींनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "कौन्सिलची बाई म्हणाली, मुलं आली तर तुमची वेळ जाईल. आठ माणसं आहोत. तिघांच्या बायका गेल्या. कमलाकरला आता मुलाचं नाव आठवत नाही, पण स्कोअर आठवतो. त्याला मी कुठे नेऊ?" त्यांनी हॅटची नाडी बोटाला गुंडाळली. "चेंडू परत देणार होतो. ख्रिसमसनंतर."

"आणि माझं नाव?" कस्तुरीने विचारलं. "तेही ख्रिसमसनंतर देणार होतात?"

दाणींनी मान वर केली नाही. "चुकलो, बाळ."

बाहेर विटलॉक खांब लवकर काढा म्हणून ओरडत होते. दाणी उठले. घडी घातलेला कोट आणि झेंडे त्यांनी अंशुमनपुढे धरले. अंशुमनने ते घेतले नाहीत. तो विचारात पडला होता.

"आठ जण," तो म्हणाला. "सगळे रिटायर्ड? सगळे सोमवारी फ्री?"

"हो."

"चालता येतं?"

"कमलाकरला दिशा सांगावी लागते."

"मावशी, मला तीन शाळांसाठी दोन व्हॉलंटिअर मिळालेत. दोन. त्यातला एक मी." त्याच्या डोळ्यांत लीग चालवणाऱ्या माणसाची ती भूक उतरली, जिच्यापुढे चोर-साव सगळे सारखे. "DBS चेकचे फॉर्म, क्रिमिनल रेकॉर्ड बघतात ना, ते मी आज पाठवतो. ते येईपर्यंत मुलांपासून लांब उभं राहायचं. चार वाजता मुलं गेली की हॉल तुमचा. कौन्सिलशी मी बोलतो."

"आणि आमच्या टीमला गोल अंपायर नाही," कस्तुरी म्हणाली. "दर रविवारी. सकाळी. पाऊस असला तरी. कोटाच्या आत राहून."

दाणींनी प्रमोदिनीकडे पाहिलं. पोलिसांचा पर्याय अजून शिल्लक आहे का, असं विचारावंसं त्यांना वाटलं असावं.

"चेंडूंत हवा भरायचीय," प्रमोदिनी म्हणाली. "हातपंपाने. सोमवारच्या आत. भावजी, गाडी तुमची होती, तुम्हीही बसा."

जयंतराव रविवारभर बसले. दुसऱ्या बाजूला मुरलीधर बसला होता. पंपाचाच आवाज पुरेसा अपमानास्पद होता.

सोमवारी मेल्टन रोडच्या हॉलमध्ये गलका इतका होता की कौन्सिलच्या बाईंनी कानांत बोटं घातली आणि हसत हसत काहीतरी लिहून घेतलं. पिकलबॉलची मंडळी भिंतीला पाठ लावून, लांब, नियमानुसार बसली होती. चार कधी वाजतात याची वाट बघत होती; कमलाकर सोडून. तो मुलांचा स्कोअर मोठ्याने सांगत होता आणि बरोबर सांगत होता.

एका टोकाला, गोल म्हणून मांडलेल्या दोन खुर्च्यांच्या मागे, तसाच लांब मुरलीधर. दुसऱ्या टोकाला, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या पांढऱ्या कोटात, जयंतराव. आपण इथे कसे आलो हे त्यांना नीट समजलं नव्हतं.

दोन वेण्यांच्या एका मुलीने धावत येऊन चेंडू लाथाडला. तो छताला लागला, बास्केटबॉलच्या रिंगवरून उडाला आणि मुरलीधरच्या टोकाच्या दोन खुर्च्यांमधून आरपार गेला. मुलीने श्वास रोखला.

मुरलीधरने दोन्ही झेंडे हलवले. हलवतच राहिला.

जयंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग हातांतल्या झेंड्यांकडे. मग त्यांना कळलं की तो कोणाची वाट बघतोय.

त्यांनी दोन्ही झेंडे उचलून हलवले. पलीकडे मुरलीधरने आपले खाली घेतले.