चौदावी खुंटी

"एकवीस... बावीस... आणि तेवीस कुठाय?"

घेवड्याच्या वाफ्यात एक उंच माणूस कमरेत वाकून वेलींना जाब विचारत होता. पाण्याची झारी घेऊन आलेली शाळेची बाई जागीच थबकली. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, खांद्यावर तीन पायांचं स्टँड, आणि चेहरा... चेहरा तसा बरा होता, पण फार चिडलेला.

"काही हरवलंय का?"

"हरवलं नाही, चोरीला गेलंय! या खुंट्या माझ्या आहेत. सरकारी!"

तिने जीभ चावली. लाल डोक्याच्या त्या लोखंडी खुंट्या शाळेतल्या मुलांनी दोन महिन्यांपूर्वी उतारावरून उचलून आणल्या होत्या. कुणीतरी टाकून दिल्या असतील, असं तिलाही वाटलं होतं. आता प्रत्येक खुंटीवर घेवडा ऐटीत चढला होता.

"तुमच्या खुंट्यांना फुलं आलीत," ती म्हणाली. "अभिनंदन!"

त्याला हसू फुटणार होतं... पण त्याने ते गिळलं. "मी मोजणीवाला. नव्या रस्त्याची आखणी होती ती. तेवीसपैकी बावीसच आहेत. चौदा नंबरची खुंटी कुठे दडवलीत?"

"रस्ता? कुठून जाणार?"

त्याने बोट दाखवलं. "त्या डबक्यावरून."

"डबकं?" तिने झारी खाली आपटली. "ते आमचं तळं आहे!"

तळं म्हणजेच शाळा होती हो! बारा ते चौदा वर्षांची सव्वीस मुलं, आणि ही त्यांची बाई. बाकावर बसून बसून 'ढ' ठरलेली ही मुलं इथे वाफे आखताना भूमिती शिकत, तळ्यात उतरून विज्ञान शिकत. तळ्यावरून रस्ता गेला की हे सगळं बंद, आणि मुलं पुन्हा त्या बाकांवर.

"शुक्रवारी सुनावणी आहे," तो म्हणाला. "हरकत असेल तर आकडे आणा. रडगाणं चालत नाही."

"बेडकांचे आकडे चालतील?"

"बेडकांसाठी रस्ता वळत नाही, बाई."

"बरं. ज्यांनी खुंट्या उपटल्या, तेच पुन्हा रोवतील. तुम्ही फक्त शिकवा." रागही आला होता तिला, पण मुलांची चूक मुलांनीच निस्तरायची, हा शाळेचा नियम.

आता वेली ओरबाडल्या जाणार, असं तिला वाटलं. पण हा बाबा वाफ्यात मांडी घालून बसला! एकेक वेटोळं बोटाने हलकेच सोडवलं, वेल काठीवर चढवली, मग खुंटी काढली. बावीस वेली. एकही फूल गळलं नाही. झारी केव्हाच रिकामी झाली होती, तरी ती तशीच धरून उभी होती.

तीन दिवस तो मुलांना घेऊन उतारावर हिंडला. टेप कसा ताणायचा, दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा कसा वाचायचा. मुलं त्याच्यामागे गुळाला मुंगळे लागावेत तशी.

"मला असं कुणी शिकवलं असतं ना," तो पुटपुटला, "तर गणितात तीनदा आपटलो नसतो."

"मग मोजणीवाले कसे झालात?"

"हट्टाने... तुम्ही सारख्या माझ्याकडे का बघता?"

"मी पट्टीकडे बघतेय."

"पट्टी त्या बाजूला आहे."

ती लाजून लाल झाली.

घरी आत्याने बरोबर ओळखलं. "जरा गोड बोल त्याच्याशी. सरकेल खुंटी चार हात!"

"आणि उद्या मुलांना मोजमाप कोणत्या तोंडाने शिकवू, आत्या?" ती म्हणाली खरी, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तळंही हवं होतं... आणि तोही.

गुरुवारी उरली फक्त चौदावी. मुलांनी ती घेतलीच नव्हती. "तिथे खुंटी नव्हतीच, सर," असं मुलांमधली एक चष्मिष पोरगी पहिल्या दिवसापासून शपथेवर सांगत होती.

"मी स्वतः ठोकली होती. खडखडीत उन्हाळ्यात!" नवी खुंटी घेऊन तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने हातोडा हाणला. खुंटी बुडाली. नाहीशीच झाली! त्याने दुसरी, लांब खुंटी घातली. तीही गडप.

"सर, हा घ्या." चष्मिषने नऊ फुटी बांबू पुढे केला. बांबू गाळात उतरत गेला, उतरतच गेला, थेट त्याच्या मुठीपर्यंत. पोरीने चिखलाचे डाग पडलेली वही उघडली. "दर शनिवारी मोजतो आम्ही. दोन वर्षं झाली. तळ लागत नाही."

त्याने वहीतले आकडे वाचले. "उन्हाळ्यात वरची खपली वाळली होती," तो हळूच म्हणाला. "खाली काय आहे, ते मी पाहिलंच नाही. रस्ता खचला असता..."

"मग आता?"

"आता उद्या मोठ्या साहेबांसमोर कबूल करायचं, की मी गाढव आहे."

"एकट्याने नका करू," ती म्हणाली. "आम्ही सगळे येतो."

शुक्रवारी साहेब आधी हसलेच. "बेडूक मोजणारी शाळा ना ही?" चष्मिषने वही उघडली. तिने एकेक शनिवार वाचून दाखवला. मग तो उठला. "साहेब, चौदावी खुंटी माझी चूक आहे. या मुलांचा आकडा खरा आहे. कालच मी बांबू घालून तपासलाय."

साहेबांनी वही उलटसुलट पाहिली. नकाशावर पेन्सिल ठेवली, आणि रस्त्याची रेघ तळं सोडून वरच्या खडकाळ उतारावर नेली. "असं गाळ मोजणारं माझ्या कचेरीत कुणी असतं तर!" एवढं म्हणून त्यांनी सही केली. मुलांनी असा काही जल्लोष केला की शेजारच्या खोलीतले कारकून धावत आले!

शनिवारी तो तळ्याकाठी हजर. हातात जुन्या आखणीच्या बावीस खुंट्या, पुसून लख्ख.

"घेवड्यासाठी," तो म्हणाला. "साहेबांना विचारून आणल्यात... चोरून नाही."

"एवढ्यासाठीच आलात?"

"नाही." त्याने खुंट्या खाली ठेवल्या. "तुम्ही मला फार आवडता. म्हणजे... प्रेमच आहे ते. सांगून टाकलं, बाई!"

ती म्हणाली, "मोजल्याशिवाय आमच्या शाळेत काही मानत नाहीत."

"मोजलं ना. आठवडाभर मोजतोय." त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. "तळ लागत नाही."

तिने चिखलाचा हात तसाच पुढे केला आणि त्याचा हात घट्ट धरला. "माझाही नाही लागत," ती म्हणाली.

घेवड्याच्या वेलींमागून सव्वीस जणांनी एकदम टाळ्या पिटल्या.