बुंदी एकटी असताना

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणाकडे काय शिजतंय, हे तुळजाबाईंना फोडणीच्या वासावरून कळायचं. त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पेपर वाचायचा कंटाळा. मग जिन्यातल्या बातम्या तरी नकोत का? त्या दिवशी दळणाचा डबा घेऊन त्या गिरणीकडे निघाल्या, तर समोरच्या फ्लॅटमधली शेफाली ओढणीने झाकलेला पिंजरा धरून जिना चढत होती. ऐन दुपारी. ऑफिस हडपसरला, आणि पोरगी इथे.

"काय गं, बुंदीला कुठं मिरवून आणलंस?"

"डॉक्टरकडे, काकू." शेफालीचे डोळे सुजले होते. "बघावं तेव्हा झोपलेली असते. पिसं फुगवून, एका पायावर. वजन पण उतरलंय."

दळण राहिलं. तुळजाबाई डब्यासकट आत शिरल्या.

शेफाली एकटी राहायची. आई गेली त्या वर्षी तिने ही कॉकटील, पोपटाच्या जातीचं पाखरू, आणली होती. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. संध्याकाळी त्या घरातून बोलणं ऐकू यायचं ते याच दोघींचं. पाखरू गेलं तर पोरगी कोलमडेल, हे तुळजाबाईंना कुणी सांगायला नको होतं.

"मग? काय म्हणाले डॉक्टर?"

"शी तपासली, छाती ऐकली. सगळं नॉर्मल. म्हणाले, पक्षी आजार लपवतो. रानात आजारी दिसला की शिकारी आधी त्यालाच उचलणार ना. म्हणून समोर कुणी असलं की अंग आवळून ताठ बसतो, मी ठणठणीत आहे म्हणून दाखवतो. खाल्ल्याचं नाटकसुद्धा करतो. खरं काय ते एकटा असताना दिसतं. खोलीत कुणी नसताना मोबाईलवर शूटिंग घ्या म्हणाले."

"एवढंच ना? मी घेते. तू जा उद्या ऑफिसला."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून त्यांनी समोरचं कुलूप उघडलं. आत वास होता. ओल्या पोत्यासारखा, कोंदट; बाल्कनीकडच्या खुर्चीपाशी जरा जास्तच. पाखराचा असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. बुंदी गोळा होऊन झोपली होती. आपल्यासमोर काही लपवत नाही, म्हणजे आपल्यावर जीव आहे तिचा, असं वाटून त्यांना उगाच भरून आलं. शेफालीने दिलेला जुना मोबाईल त्यांनी टीव्हीपाशी टेकवून ठेवला, दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन मेथी निवडत बसल्या.

मेथी संपल्यावर मोबाईल आणला आणि ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी ते शूटिंग लावलं.

आधी स्वतःचीच पाठ दिसली. दार लागलं. कुलपाचा खटका.

बुंदीने डोळे उघडले.

दुसरा पाय दांडीवर आला. फुगलेली पिसं हळूहळू अंगाला चिकटत गेली, इतकी की पाखरू काडीसारखं बारीक दिसायला लागलं. तुरा उभा राहिला. ती दाराकडे बघत नव्हती. बाल्कनीकडच्या खुर्चीकडे बघत होती. मग वाटीशी आली. दाणा उचलला, टाकला. उचलला, टाकला. घशाखाली एकही गेला नाही. आणि थोड्या वेळाने तिची मान वळू लागली... सावकाश. कुणीतरी उठून चालत यावं, तशी खुर्चीपासून पिंजऱ्यापर्यंत. तिथे ती थांबली. त्यानंतर बुंदी नुसती ताठ बसून राहिली, समोर बघत, कुलपात परत किल्ली फिरेपर्यंत.

शूटिंगमध्ये तुळजाबाई स्वतःच आत आलेल्या दिसल्या, आणि पाखराने चोच पाठीत खुपसली.

त्यांनी ते लगेच त्याच मोबाईलवरून डॉक्टरांना धाडलं. चहाच्या वेळी उत्तर आलं. आवाज वैतागलेला.

"अहो, हा चुकीचा व्हिडिओ पाठवलात. हा खोलीत कुणीतरी असतानाचा आहे. मला पक्षी एकटा असतानाचा हवाय. आणि जे कोण बसलंय, त्यांना म्हणावं पिंजऱ्याला एवढं खेटू नका."

तुळजाबाईंनी चहा तसाच ठेवला आणि जाऊन पिंजरा उचलून आणला.

"वा!" त्यांचे यजमान बाबुराव पेपरातून म्हणाले. "घरात बोलणारं एक तोंड कमी पडत होतं म्हणा."

बुंदी त्या घरात आली ती सबंध रात्र आणि दुसरा दिवस झोपली. उठल्यावर बाजरीचं कणीस फस्त केलं आणि कुकरच्या शिट्टीला शिट्टी दिली. आठवड्यात वजन भरलं. आजार नव्हताच. माणूस समोर असलं तरच तिचा डोळा लागत होता, एवढंच.

"तूही ये आमच्याकडे झोपायला," तुळजाबाई शेफालीला म्हणाल्या. "ती खोली मला बरी नाही वाटत गं."

"काकू, प्लीज. शूटिंग पाहिलं मी. रिकामी खोली आहे ती." पण ती हसली, बुंदीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "ही बरी झाली, बास. इथेच राहू दे थोडे दिवस."

पुढे मात्र ती बुंदीला बघायला आलीच नाही. ऑफिसलाही जाताना दिसेना. तुळजाबाईंनी दोन दिवस दाराच्या भोकातून पाहिलं आणि मग वाटीत खीर घेऊन बेल दाबली.

शेफालीने लगेच दार उघडलं, जणू पलीकडे उभीच होती. केस विंचरलेले, लिपस्टिक लावलेली, खांदे मागे.

"मी एकदम फिट आहे, काकू," ती म्हणाली. त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

पिंजरा जाऊन इतके दिवस झाले होते, वास तसाच होता. टेबलावर पोह्यांची बशी. घास चमच्यात उचलून परत ठेवलेले. तुळजाबाई सोफ्यावर टेकल्या मात्र, शेफालीचे खांदे पडले, मान कलली आणि ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मेल्यासारखी.

"चल गं आमच्याकडे, पोरी. ऊठ..."

ती हलेना. बाबुरावांना हाक मारावी म्हणून त्या उठायला गेल्या, तर डोळे न उघडताच तिने पदर घट्ट धरला.

"बसा ना... तुम्ही असलात की तो मागे सरकतो."

त्या बसल्या. बाहेर ऊन उतरत होतं. एका हाताने त्या पोरीला थोपटत राहिल्या. ओल्या पोत्याचा वास वाढत चालला होता, आणि आता तो खुर्चीकडून येत नव्हता. जवळून येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मग तुळजाबाईंच्या लक्षात आलं, आपली पाठ ताठ झालीय. मान सरळ आहे. चेहऱ्यावर हसू आहे, आणि ते आवरता येत नाहीये.

कुणी काही विचारलेलं नसताना त्यांच्या तोंडून हळूच निघून गेलं, "आम्ही बऱ्या आहोत हो... दोघीही अगदी बऱ्या आहोत."